घरच्या साहित्यातून मांजराची खेळजागा

घरात पाळलेल्या मांजरासाठी खेळण्याची सोय करणे म्हणजे त्याच्यापुढे चार खेळणी टाकणे, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि ती खेळणी दोन दिवसांत कोपऱ्यात पडली की मांजरच आळशी आहे असे ठरवले जाते. वास्तविक मांजराला आधी जागा लागते आणि वस्तू नंतर लागते. ते स्वतः शिकार करणारे असले तरी कुत्रा, कोल्हा अशा मोठ्या प्राण्यांची शिकारही ठरू शकते, आणि म्हणून ज्या ठिकाणी पाठ सुरक्षित नाही, लपायला आडोसा नाही, उंचावर चढून भोवताल न्याहाळता येत नाही आणि पळून जायला दुसरी वाट नाही, त्या ठिकाणी ते मन लावून खेळत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या मांजरांच्या पशुवैद्यकांच्या दोन संस्थांनी २०१३ साली मांजराच्या परिसराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सुरक्षित जागेला पहिले स्थान दिले आहे. अन्न, पाणी, मलविसर्जनाचे पात्र व विश्रांतीची ठिकाणे एकमेकांपासून वेगळी असणे, शिकारीसारख्या खेळाला वाव मिळणे, माणसाचा सहवास सौम्य व एकसारखा असणे आणि मांजराच्या घ्राणेंद्रियाचा मान राखला जाणे, या बाकीच्या चार गोष्टी होत.

वऱ्हाडातील वरूडसारख्या गावात अशी जागा घरच्या घरी उभारण्यास लागणारे साहित्य मुबलक आहे. संत्र्याच्या व्यापारामुळे लाकडी पेट्या, प्लास्टिकचे क्रेट आणि पुठ्ठ्याची खोकी तालुक्यात जागोजागी दिसतात. जुन्या घरांतून मोडकी बाज, फुटके माठ आणि रांजण पडून असतात. बांधकामाच्या ठिकाणी उरलेल्या बल्ल्या आणि घमेली सहज मिळतात. तथापि याच गावाने दोन अडचणीही पुढे ठेवल्या आहेत, आणि शहरी पुस्तकांतील कृती जशीच्या तशी उचलली तर त्या अडचणी नजरेआड होतात: पहिली संत्र्याच्या वासाची आणि दुसरी उन्हाळ्याची.

संत्र्याच्या सालीत बारीक तेलग्रंथी असतात आणि त्यांतील तेलाचा मुख्य घटक लिमोनीन नावाचे उडनशील द्रव्य असते. माणसाला हा वास प्रसन्न वाटतो. बहुतेक मांजरे मात्र लिंबूवर्गीय फळांचा वास टाळतात, आणि हे तेल त्यांच्या अंगाला लागून चाटण्यात गेले तर त्यांना अपायही होऊ शकतो. याचे कारण मांजराच्या यकृतात आहे. अनेक सस्तन प्राण्यांचे यकृत नको असलेल्या द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन ती शरीराबाहेर टाकण्याजोगी करते. मांजरात या कामाची काही विकरे, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, फार अल्प कार्य करतात, आणि म्हणून फिनाईलसारखी फिनॉलयुक्त जंतुनाशके किंवा माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा संत्र्याची पेटी वापरायची असेल तर सडक्या फळाचा रस न मुरलेली पेटी निवडावी, साध्या साबणाच्या पाण्याने ती घासावी आणि वास पूर्ण जाईपर्यंत कडक उन्हात उलटसुलट वाळवावी. फिनाईलने धुऊन ‘स्वच्छ’ केलेली पेटी मांजराच्या दृष्टीने न धुतलेल्या पेटीहून वाईट असते. प्लास्टिकचे क्रेट लवकर निर्वास होतात, लाकूड वेळ घेते, आणि पुठ्ठा एकदा तेल प्यायला की तो वास सोडत नाही. म्हणून पुठ्ठ्याचे खोके संत्र्याचे घेण्याऐवजी किराणा दुकानातील बिस्किटांचे किंवा वह्या-पुस्तकांचे घेणे श्रेयस्कर.

गंधापेक्षाही अधिक काळजी विषाची घेतली पाहिजे. ज्या क्रेटमधून फवारणीच्या बाटल्यांची ने-आण झाली, ज्या पोत्यात खत होते, किंवा ज्या बारदान्यातील धान्यात कीड मारण्याच्या धुरीच्या गोळ्या ठेवल्या होत्या, त्यांपैकी कशाचाही उपयोग मांजरासाठी करू नये, मग ते कितीही धुतलेले असो. घरात डाळीला बोरिक पावडर लावून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती पिशवी अंथरूण म्हणून वापरणे त्याच कारणाने टाळावे. मांजर अंगाला लागलेले सर्व काही जिभेने साफ करते, आणि त्यामुळे त्याच्या पायाखाली जे असते ते अखेरीस त्याच्या पोटात जाते.

रचनेचा आरंभ आडोशाने करावा. प्रौढ मांजराचे वजन सामान्यतः तीन ते पाच किलो, शेपटी सोडून लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि खांद्यापाशी उंची सुमारे २५ सेंटिमीटर असते. या मापाला साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद-उंच खोके पुरेसे होते. मांजराला आडोसा घट्ट आवडतो, प्रशस्त नव्हे. अंगाला तिन्ही बाजूंनी भिंत टेकली म्हणजे ते निर्धास्त होते. खोके उघड्या बाजूवर आडवे न ठेवता त्याच्या एका भिंतीत १५ ते १८ सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडावे आणि समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत तेवढेच दुसरे भोक ठेवावे, कारण एकाच दाराची जागा घरात दुसरे मांजर किंवा लहान मूल असल्यास सापळा ठरते. अशा साध्या खोक्याचे महत्त्व नेदरलँड्समधील प्राणी-आश्रयगृहात तपासले गेले आहे: २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने दाखल झालेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोके देण्यात आले व काहींना देण्यात आले नाही, आणि खोके मिळालेल्या मांजरांवरील ताण पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा लवकर उतरल्याचे दिसून आले. नवे पिल्लू किंवा दुसऱ्या घरून आलेले मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही अशी तक्रार असते, तेव्हा त्याला ओढून बाहेर काढण्याऐवजी पलंगाजवळ असे खोके ठेवणे हा या अभ्यासाचा घरगुती उपयोग होय.

उंचीची सोय करताना वऱ्हाडातील जुनी बाज फार उपयोगी पडते, आणि ती सरपणात टाकली जाण्यापूर्वी तिचा या कामी विचार व्हावा. बाज म्हणजे लाकडी चौकटीवर सुंभाने किंवा नवारीने विणलेली खाट. सुंभाची बाज पाय काढून, विणीचा भाग खोलीकडे येईल अशी भिंतीशी उभी केली आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांना भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कड्यांना तारेने जखडली, तर मांजराला चढण्यासाठी आणि नखे रोवण्यासाठी एकच उभा पृष्ठभाग तयार होतो, आणि तोही बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साधनांपेक्षा मोठा. बाज भिंतीला चिकटून नसावी. मागे चार-पाच सेंटिमीटर जागा राहिली तर नखे भिंतीत अडकत नाहीत. ती हलता कामा नये ही अट मात्र सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पायाखालची वस्तू एकदा डगमगली की मांजर तिच्याकडे पुन्हा फिरकत नाही. नायलॉनच्या नवारीची बाज याच कारणाने कमी उपयोगाची, कारण नवार सैल पडते आणि तिचे धागे निघून मांजराच्या तोंडात जातात.

बाजेच्या एका बाजूला भिंतीवर लाकडी पेट्यांच्या फळ्यांपासून केलेल्या बैठका पायऱ्यांप्रमाणे बसवाव्यात. प्रत्येक बैठक किमान २५ सेंटिमीटर खोल आणि ४० सेंटिमीटर लांब असावी, दोन बैठकांतील उभे अंतर ३० ते ४० सेंटिमीटर असावे आणि सर्वांत वरची बैठक दीड मीटरच्या आसपास यावी. निरोगी मांजर एका उडीत दीड मीटर गाठू शकते हे खरे, तरी वयस्कर मांजरांत सांधेदुखी फार आढळते आणि ती मांजरे कण्हत नाहीत, फक्त उंच जागा सोडून देतात. घरातील मांजर दहा वर्षांच्या पुढचे असेल तर हे अंतर २० सेंटिमीटरपर्यंत आणावे. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या पातळ असतात आणि त्यांत चुका मारलेल्या असतात. चुका उपटून, फळ्या घासकागदाने गुळगुळीत करून आणि दोन फळ्या एकावर एक फेव्हिकॉलने चिकटवून मगच त्या वापराव्यात. वर गोणपाट ताणून बसवले की पाय घसरत नाही.

नखे ओरबाडण्याचा खांब वेगळा का असावा, हा प्रश्न येथे उद्भवतो. मांजर नखांवरचे जुने कवच काढण्यासाठी, पाठीचे व खांद्याचे स्नायू ताणण्यासाठी आणि पंजाच्या तळव्यातील ग्रंथींचा गंध ठेवून ‘ही जागा माझ्या वावरातली आहे’ हे जाहीर करण्यासाठी ओरबाडते. यांतील तिसऱ्या हेतूमुळे ते दिवाणखान्यातील सोफ्याची किंवा मुख्य दाराच्या चौकटीची निवड करते, कारण घराची वर्दळ तिथे असते. म्हणून खांब मागच्या छपरीत लपवून ठेवला तर तो निरुपयोगी ठरतो. जिथे सोफा ओरबाडला जातो तिथेच, त्याला लागून तो उभा करावा. सुमारे दहा सेंटिमीटर जाडीची आणि एक मीटर लांबीची बल्ली घेऊन तिचे खालचे टोक घमेल्यात ओतलेल्या काँक्रीटमध्ये सरळ उभे करावे व आठवडाभर पाणी मारून ते पक्के होऊ द्यावे, म्हणजे मांजराने पूर्ण शरीर ताणून ओढले तरी खांब कलत नाही. काँक्रीटच्या वर मोकळी राहिलेली सुमारे ७५ सेंटिमीटर बल्ली दोराने गुंडाळावी. आठ मिलिमीटर जाडीचा दोर असेल तर तो सुमारे ३२ मीटर लागतो. घायपाताचा दोर सर्वांत टिकाऊ, काथ्याचा त्याखालोखाल. तागाची सुतळी स्वस्त असली तरी ताग मऊ करण्यासाठी कारखान्यात वापरलेल्या तेलाचा वास तिला येतो, आणि म्हणून ती गुंडाळण्यापूर्वी आठ-दहा दिवस उन्हात पसरून ठेवावी. वेढे एकमेकांना घट्ट भिडलेले असावेत, आणि दोन्ही टोके चुकांनी न ठोकता फेव्हिकॉल लावून शेवटच्या वेढ्याखाली दाबावीत.

आता उन्हाळ्याकडे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या भागात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, आणि टिनाच्या छपराखाली छताजवळची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा पुष्कळ तप्त असते. हिवाळ्यात मांजराची आवडती असलेली उंच बैठक त्यामुळे एप्रिल ते जूनमध्ये भट्टी बनते. मांजराचे पूर्वज निकटपूर्वेतील कोरड्या प्रदेशातील रानमांजर होते. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे अवशेष सापडले आहेत, आणि मांजराच्या सहवासाचा हा सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक आहे. या वारशामुळे मांजर उष्णता बऱ्यापैकी सोसते, इतके की ३० ते ३८ अंशांच्या दरम्यान शरीराचे तापमान राखण्यासाठी त्याला जादा ऊर्जा खर्च करावी लागत नाही. त्यापुढे मात्र त्याची साधने तोकडी पडतात: घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, आणि अंग चाटून केसांवर लाळ पसरवणे हाच गारव्याचा मुख्य उपाय उरतो. कुत्र्याप्रमाणे तोंड उघडून धापा टाकणारे मांजर हे खेळून दमलेले समजू नये. त्याला त्वरित सावलीत नेऊन अंग साध्या पाण्याने ओले करावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

या ऋतूसाठी खेळजागेचा तळमजला मातीचा करावा, आणि त्यासाठी तोंडाशी फुटलेला मोठा माठ किंवा रांजण उत्तम. फुटलेली कड कानशीने बोथट करून, तोंड किमान १८ सेंटिमीटर रुंद आहे हे पाहून तो पसरट घमेल्यात किंवा विटांच्या चौकटीत वाळूवर आडवा ठेवावा, त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत बाहेरून वाळू भरावी आणि ती वाळू सकाळी व दुपारी ओली करावी. सच्छिद्र मातीतून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते, आणि पिण्याचे पाणी ज्या नियमाने गार होते त्याच नियमाने आतील हवा गार राहते. आत वाळलेल्या गोणपाटाची घडी असली की मांजराचे अंग ओले होत नाही. ही योजना कोरड्या हवेतच चालते. मृगाचा पाऊस लागल्यावर हवेत दमटपणा येतो, बाष्पीभवन मंदावते आणि ओली वाळू केवळ बुरशीला निमंत्रण देते, तेव्हा माठ बाजूला काढावा. ओल्या वाळूचा मलविसर्जनासाठी वापर होऊ नये म्हणून ती वर विटांच्या तुकड्यांनी झाकणे आवश्यक आहे. कूलरजवळ खेळजागा मांडण्याचा मोह अनेकांना होतो. कूलरच्या टाकीतील पाण्यात वीज उतरण्याचा धोका प्रत्येक उन्हाळ्यात असतो आणि मांजर त्या पाण्याकडे पिण्यासाठी वळते, यास्तव कूलरची हवा पोहोचेल पण मांजर कूलरपर्यंत पोहोचणार नाही असे अंतर ठेवावे.

पावसाळ्यात पुठ्ठा, गोणपाट आणि पेटीत घातलेले तणस यांना ओल धरते. मांजरांत आढळणारे गजकर्ण हा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होणारा त्वचारोग असून तो माणसाला, विशेषतः मुलांना, लागतो. म्हणून मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसताच त्याच्या खोक्यांचा पुठ्ठा जाळून टाकावा आणि मांजर पशुवैद्यकाला दाखवावे. निरोगी मांजराच्या बाबतीतही या चार महिन्यांत खोकी वरचेवर बदलणे आणि अंथरूण ऊन पडेल त्या दिवशी वाळवणे पुरेसे होते.

जागा उभी राहिल्यावर खेळ येतो, आणि मांजराचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम. त्यात दबा धरणे, पाठलाग, झडप, चावा आणि अखेरीस खाणे असा क्रम असतो. काठीला बांधलेले कोंबडीचे पीस किंवा कापूस भरलेले उंदराएवढे कापडी गाठोडे मांजराच्या तोंडावर नाचवू नये. भक्ष्य शिकाऱ्याकडे धावत येत नसते. ते खोक्याच्या मागून, बाजेच्या कडेने, दूर दूर सरकत जावे, मधेच थांबावे आणि आडोशात शिरावे, म्हणजे मांजर दबा धरते. शेवटी ते पकडू द्यावे आणि लगेच खाद्याचा घास पुढे करावा. क्रम अर्धवट तोडला, उदाहरणार्थ भिंतीवर फिरणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याने, तर मांजर चिडचिडे होते. गाठोड्याचे कापड निळे किंवा पिवळे निवडावे, कारण लाल रंग मांजराला ठळकपणे वेगळा दिसत नाही. पहाट आणि संध्याकाळ या मांजराच्या स्वाभाविक हालचालीच्या वेळा असून प्रत्येक वेळी पाच ते दहा मिनिटे पुरतात. एवढ्याशा खेळाचा परिणाम घराबाहेरही पोहोचतो: इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज पाच ते दहा मिनिटे खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीचे प्रमाण २५ टक्क्यांनी घटले. संत्र्याच्या बागांतील बुलबुल आणि सातभाई यांची ज्यांना काळजी वाटते त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. हाताची बोटे मात्र खेळणे म्हणून कधीही देऊ नयेत. पिल्लाचा गोड वाटणारा चावा वर्षभरात जखम करणारा होतो.

दोरा, लोकर, रबर, आणि संक्रांतीनंतर गच्चीवर व झाडांत अडकून राहणारा मांजा हे मांजराच्या खेळातील सर्वांत घातक पदार्थ होत. मांजराच्या जिभेवर मागच्या दिशेला वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा ते थुंकू शकत नाही, गिळत जाते. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकले आणि दुसरे आतड्यात गेले तर आतडे चुण्या पडून कापले जाते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. म्हणून काठीचे खेळणे वापर झाल्यावर कपाटात बंद करावे.

खेळजागेशेजारी कुंडीत हिरवे गवत असले तर मांजर ते चघळते. वऱ्हाडातील घरात सहज हाताशी असलेले बी ज्वारीचे असते, पण ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि चावल्यावर त्यापासून सायनाइड तयार होते. याच विषाने कोवळी ज्वारी खाल्लेली गुरे दगावतात. त्याऐवजी गहू पेरावा. मनीप्लांट, डिफेनबेकिया, कण्हेर आणि लिलीच्या कुंड्या मांजराच्या आवाक्याबाहेर न ठेवता घराबाहेरच काढाव्यात, कारण या रचनेत आवाक्याबाहेर असे काही उरत नाही. खऱ्या लिलीचे परागकणही मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात.

तयार जागेत मांजराला उचलून ठेवू नये. मऊ फडके त्याच्या गालांवरून फिरवावे, तेथील ग्रंथींचा गंध त्याला लागतो, आणि तेच फडके नव्या खोक्यात व बैठकांवर घासावे; नंतर खाद्याचे दोन दाणे आत टाकून दूर व्हावे. काही मांजरे तासाभरात शिरतात, काहींना पंधरवडा लागतो. तोवरही कोणी शिरले नाही तर दोष रचनेत शोधावा, आणि प्रथम वास, मग डगमग, मग वर्दळीपासूनचे अंतर तपासावे. घरात दोन मांजरे असतील तर खोकी आणि बैठका दोन ठिकाणी विभागाव्यात, आणि मलविसर्जनाची पात्रे मांजरांच्या संख्येहून एक जास्त ठेवून ती खेळजागेपासून दूर असावीत.

पुढील देखभालीत अतिस्वच्छता टाळणे हाच मुख्य नियम आहे. सर्व अंथरुणे एकाच दिवशी धुतली तर मांजराने महिनोन्‌महिने साठवलेला स्वतःचा गंध नाहीसा होतो आणि जागा पुन्हा परकी ठरते. म्हणून एका आठवड्यात एकच अंथरूण धुवावे. खांबावरचा दोर उसवू लागला की लोंबणारी टोके तेवढी कापावीत, आणि जुना दोर पूर्ण न काढता झिजलेल्या भागावरच नवे वेढे चढवावेत.